भाव वाढवला तं सांभार टाका

अकोला
सोमवार, १ सप्टेंबर २०२५

चि. आचलले आजीचा आशीर्वाद. खुशाली मागून, पयले भांडण.

तू तुहा अभ्यासाचा टॅब मले देऊन गेली, अक्षर बोराएवढं करून देलं, त्याले मी नाव ठेवत नाई. डॉक्टर म्हणे, आजी, डोळ्याचा पडदा गेला, छापील पुस्तक सोडा. सोडलं. कागदावरचं अक्षर मले मुंगळ्याच्या रांगेवानी दिसते, टॅबातलं नीट दिसते. चौथी शिकलेल्या बाईले सत्तरीनंतर वाचाचा नाद लावला तो तुनं. आता त्या नादाले कुलूप ठोकलं तुह्या त्या पानझोळी ॲपनं.

दुपारी आमी आठ जणी मळ्यात मेथी-सांभाराच्या जुड्या बांधाले बसतो, तुले ठाऊकच हाय. मी वाचते, बाकीच्या बांधतात. 'फौजदारीण चंद्रभागा'चे सहा भाग वाचून झाले. सहाव्याच्या शेवटी तिनं मोटारपंपाच्या खोलीचं दार उघडलं, तं आत मेलेल्या माणसाचं घड्याळ हातात घेऊन तिचाच नवरा बसला होता. आन भाग संपला! सातवा घ्याले गेली तं एकोणपन्नासाचे एकशे एकोणपन्नास. एका दिवसात.

मले एक सांग. त्यात कागद नाई, शाई नाई, डिंक नाई. गाडीभाडं नाई, हमाली नाई. माही मेथी संध्याकाळी मान टाकते म्हणून मी सहा वाजता भाव पाडते. त्याचं पुस्तक कोमेजतच नाई, तं त्याचा भाव चढला कसा? बरं, विकत घेऊन आमच्यातल्या ज्योत्स्नाले उसनं देऊ म्हटलं तं देता येत नाई. विकत घेतलं पन देता येत नाई, मंग ते मले विकलं का नुसतं दाखवलं?

शेजारच्या शालूले म्हटलं, लिही याच्यावर. ते म्हणे, काकू, तारे द्या लागतात, पाचातले किती देऊ? म्हटलं एकबी नको देऊ. ते म्हणे शून्याचं बटनच नाई. म्हटलं पाह्य, तिथंबी यायनं आपली सोय करून ठेवली. शेवटी एक देला. आन लिहिलं: 'भाव वाढवला तं वाढवला. तिप्पट घेता, वरून चार काड्या सांभार तरी टाका. कौशल्याबाई देवमन, अकोला.'

आता दुसरं. क्लास सोडून नोकरी धरली हे तुनं मले सांगितलं, बापाले नाई. पक्की झाली की सांगतो म्हणाली. तीन महिने झाले, अजून कच्चीच. तिकडं तुहा बाप गजेंद्र मार्केटात ज्याले त्याले सांगून राहिला की आमची आचल तहसीलदार होणार. परवा तं एका गिऱ्हाइकाले 'तहसीलदाराच्या घरची वांगी' म्हणून दोन किलो देली. मी सांगणार नाई. चुगली मले जमत नाई. पन पोराले खोटं मिरवताना पाहनं, तेबी जमत नाई.

फोन करू नको, मले त्यात नुसती भुणभुण ऐकू येते. शालूच्या फोनवर लिहिलं की अख्खी गल्ली वाचते. आपली भाजीची गाडी घेऊन कुलदीप मंगळवारी-शुक्रवारी अमरावतीले येते, पत्र त्याच्याच हाती देजो. मी टॅबानं फोटो काढून मोठं करून वाचते.

सोबत पालक हाय. तीनदा धुजो.

आजी


अमरावती
गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

आजी,

नमस्कार. पालक पोचला. तीनदा धुतला, तरी माती निघाली, म्हणजे आपल्याच मळ्यातला.

पुस्तकाच्या भावावरून इतकी रागावू नकोस गं. कागद-शाई नसली तरी खर्च असतो. लिहिणाऱ्या बाईंना आधी फारच थोडं मिळायचं, आता जास्त देतात म्हणे. ज्या दुकानातून ॲप फोनवर उतरतं, ते दुकान आपला वाटा कापून घेतं. आणि तुझ्यासारख्यांना अक्षर बोराएवढं दिसावं म्हणून प्रत्येक पान नव्यानं बसवावं लागतं, त्याला माणसं लागतात. वर्षभर तोटाच झाला म्हणतात. हे मी कुठंतरी वाचलं.

तू जे लिहिलंस ते जरा सौम्य करता येईल का? नाही, म्हणजे तिथं उत्तरं द्यायला कोणीतरी मुलगीच बसलेली असेल. मालक बोलतो ते तिलाच.

माझं काम तेच, कॉम्प्युटरवर लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहायचं. पक्कं करायचं की नाही ते महिनाअखेरीला ठरेल. ठरलं की बाबांना सांगणार. तुझी शपथ नाही घेत, तुला आवडत नाही म्हणून.

ती वांगी खरंच विकली का गं त्यांनी त्या नावानं?

तुझी आचल


अकोला
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

चि. आचल,

विकली. पुन्हा आलं ते गिऱ्हाईक.

आता ऐक, पानझोळीचं उत्तर आलं. शालूनं वाचून दाखवलं, माहा विश्वास बसला नाई म्हणून म्या स्वतः मोठं करून वाचलं. जसंच्या तसं लिहिते: 'आदरणीय वाचक, आपल्या सूचनेबद्दल आभार. आम्ही केवळ ई-पुस्तकांची विक्री करतो. सांबार अथवा इतर कोणतेही खाद्यपदार्थ आम्ही पुरवत नाही.'

ज्योत्स्नाच्या हातातली जुडी सुटली. सीमा तं मेथीच्या ढिगावर आडवीच झाली. अवं, खाली पत्ता अमरावतीचा, आन सांभार म्हणजे काय ते ठाऊक नाई? इडलीसंगं ओरपतात ते नाई बावा, जुडी बांधून विकतात ते! पुण्याकडं कोथिंबीर म्हणत असतीन, तं म्हणा. पन वऱ्हाडात दुकान मांडलं तं वऱ्हाडातलं हिरवं तरी ओळखा.

शालू म्हणे, त्या उत्तराखाली लोकं तुटून पडले. अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, सगळ्यायनं एकच लिहिलं, 'सांभार टाका'. एक मास्तर लिहिते, छापील पुस्तक उशाशी तरी घेता येते, तुमचं उशाशी घेतलं तं तापते. एकीनं लिहिलं, बॅटरी आमची, लाईट आमची, मंग तुमचं काय? मले आवडली ते बाई.

दुसऱ्या दिवशी दुसरं उत्तर आलं: 'क्षमस्व. सांभार म्हणजे ताजी कोथिंबीर, हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते.' खाली सही 'आपली वाचनमैत्रीण'. एका दिवसात त्यायले वऱ्हाडी कोनं शिकवलं? आपल्याकडची एखादी पोट्टी असन तिथं. तिचं बरं होवो. पन स्वतःले मैत्रीण म्हणते आन भाव तोच ठेवते, अशा मैत्रिणी मले जत्रेत लय भेटल्या.

हो, ज्योत्स्नाच्या फोनवर सातवा भाग फुकटात आला होता. कोनं तरी चोरून सगळ्यायले वाटला. सगळ्या म्हणे वाचा वाचा. म्या म्हटलं बंद कर ते. आपल्या वावरातली गोबी कोनी कापून नेली तं आपण त्याच्या सात पिढ्या काढतो. चोरीचा माल मी विकत नाई, चोरीचं वाचू काहून? मले भाव कमी पाह्यजे, फुकट नाई पाह्यजे. सीमा दोन दिवस बोलली नाई माह्यासंगं.

आन तू. 'कुठंतरी वाचलं' म्हणते. वाटा कापते ते, पान बसवते ते, तोटा झाला ते. नुसतं वाचून कोनाले एवढं ठाऊक होत नाई. रोज कानावर पडलं तवाच होते. काय लपवून राहिली?

आजी


अमरावती
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

आजी,

ती वाचनमैत्रीण मीच.

जूनपासून मी पानझोळीतच आहे. ऑफिस म्हणजे मालक योगेश सरांच्या सासऱ्यांच्या घराचा वरचा मजला, तीन टेबलं आणि एक कूलर. सर वाढले पुण्यात, इथले जावई झाले आणि इथंच पुस्तकांचं काढून बसले. माणूस वाईट नाही. भाववाढीची सूचनाही मीच लिहिली. 'दरात किंचित बदल' हे शब्द माझे. तुला सांगायची हिंमत झाली नाही, कारण तुझी पहिली शिवी त्याच सूचनेला पडली होती.

ते सांबाराचं उत्तर मात्र माझं नव्हे. मी जेवायला गेले होते, सरांनी स्वतः दिलं. मग लोकांचा पाऊस पडला तेव्हा मला विचारतात, "आचल, हे सगळे सांबार का मागतायत? कोणी मुद्दाम करतंय का?" मी म्हटलं, सर, कोथिंबीर. तर म्हणाले, "बरं. पण पुस्तकावर कोथिंबीर कशी टाकायची?" मी समजावलं, भाजी घेतली की भाजीवाली वरून चार काड्या टाकते, न मागता. ते म्हणाले, "आमच्याकडे मागावी लागते."

इथवर ठीक होतं. पण मंगळवारी त्यांनी माझा नोकरीचा अर्ज काढला, पक्कं करायचं म्हणून. त्यात एक रकाना असतो, तातडीच्या वेळी कोणाला कळवावे. तिथं मी तुझं नाव लिहिलंय. कौशल्याबाई देवमन, अकोला. सरांनी एकदा अर्जाकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "आपले तारे साडेचारावरून अडीचवर आले. सुरुवात तुझ्या घरातून झाली. आजींना सांग काढून टाकायला. येत्या मंगळवारपर्यंत. मग तुझं बघू."

आजी, काढशील का? नोकरी पक्की झाली नाही तर बाबांना सांगायला माझ्याकडे काहीच उरत नाही. क्लासही नाही, नोकरीही नाही.

आचल


अकोला
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

चि. आचल,

काढलं. शुक्रवारी दुपारी पत्र वाचलं, चार वाजता शालूले म्हटलं, पूस ते. ते म्हणे, काहून काकू, एवढं गाजलं! म्हटलं, मीठ जास्त झालं होतं.

तुहा राग आला का? आला. त्या रागात एकटीनं चाळीस जुड्या बांधल्या, मंग गेला. तू त्यायच्याकडं काम करते याचा राग नाई. काम हाय, कोनाकडंबी करावं. 'किंचित'चा राग हाय. एकोणपन्नासाचे एकशे एकोणपन्नास म्हणजे किंचित? तुहा आजा देवमन मापात मार खाईन पन शब्दात खोट घालत नसे. बाजारात उभा राहून ओरडे, "महाग हाय, पन गोड हाय!" लोकं घेत. महाग हाय तं महाग म्हणावं.

आन एक ध्यानात ठेव. म्या लिहिलं ते खोटं होतं म्हणून पुसलं नाई. तुह्या पोटाचा सवाल होता म्हणून पुसलं. दोन्ही एका पारड्यात टाकू नको. गिऱ्हाईक बोंबललं तं दुकानदारानं माल पाहावा, गिऱ्हाइकाचं घर शोधत जाऊ नये. हे मी त्याले सांगत नाई, तुले सांगून राहिली. उद्या तुहं दुकान असन.

अर्जात माहं नाव लिहिलं ते बरं केलं. बापाचं काहून नाई लिहिलं, तेबी समजलं.

सातवा भाग नाई, म्हणून आमी सहावाच पुन्हा वाचून राहिलो. चंद्रभागा पुन्हा दार उघडते, नवरा पुन्हा आत बसला असते. ज्योत्स्ना म्हणे, काकू, या वेळी तरी दुसरा कोनी बसव.

आजी


अमरावती
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

आजी,

शुक्रवारचं माझं पत्र विसर. काहीही काढू नकोस.

ते पत्र कुलदीपदादाच्या हातात दिलं आणि दिवसभर काम सुचलं नाही. तू खरं लिहिलंस आणि मी माझी नोकरी पुढं करून तुला गप्प बसायला सांगितलं. लहानपणी बाबा तुला म्हणायचे, "आई, गिऱ्हाइकासमोर बोलत नको जाऊ," तेव्हा मीच हसायचे ना त्यांना?

आज सरांना सांगितलं. म्हटलं, सर, ही बाई फुकटचं वाचत नाही. तिच्यासमोर सातवा भाग चोरून आलेला होता, तो तिनं सात जणींशी भांडून बंद करायला लावला. अशी गिऱ्हाइकं आपल्याकडे किती आहेत? आणि तिनं विचारलंय की जे कोमेजत नाही त्याचा भाव चढतो कसा. याचं उत्तर मला देता येत नाही, तुम्हाला येत असेल तर तुम्ही लिहा.

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला.

नोकरी गेली तर मळ्यात येते. जुड्या बांधेन. तुझ्याइतक्या घट्ट नाही येणार.

आचल


अमरावती
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

आजी,

मंगळवारी कुलदीपदादानं तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि मी माझं त्याच्या हातात. दोघींची पत्रं एकमेकींच्या नाकासमोरून गेली. तू काढून मोकळी झाली होतीस आणि मी 'काढू नको' लिहून शूर झाले होते! गाडीजवळच उभी राहून वाचलं. दादा म्हणे, काय वं, रडते का हसते, ते तरी ठरव.

पण पुढचं ऐक. तुझं लिहिलेलं गायब झालं हे लोकांच्या लक्षात आलं. आता सगळे विचारतायत, 'कौशल्याबाई कुठं गेल्या?' 'म्हातारीचं तोंड दाबलं का?' एकानं लिहिलं, 'भाव वाढवला, सांभार नाही, वरून आजीही पळवली.' अडीचाचे पावणेदोन तारे झाले.

काल सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "आचल, आजींना पुन्हा लिहायला सांगशील?" म्हटलं, काय लिहायला? म्हणाले, "काहीही. त्या आहेत, एवढं तरी कळू दे लोकांना."

मी म्हटलं, सर, आता ती भाव करेल.

म्हणाले, "करू दे."

माझ्या नोकरीचं अजून अधांतरीच आहे. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही.

आचल


अकोला
सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

चि. आचल,

आज घट बसले, म्हणून शिव्या आवरून लिहिते. तू मालकासमोर बोलली, बरं केलं. आधी मले पत्र लिहून मंग बोलली, उलटं केलं. पन बोलली.

तुह्या जुड्या मले ठाऊक हायेत, मार्केटात पोचेपर्यंत सुटतात. तू तिथंच राह्य.

योगेशरावाले वेगळी चिठ्ठी हाय. तूच वाचून दाखव, त्याले माहं अक्षर लागणार नाई. एक शब्द गोड करू नको.

"श्री. योगेशराव यांस, अकोल्याहून कौशल्याबाईचा नमस्कार. तुमी अमरावतीचे जावई, म्हणजे वऱ्हाडाचे जावई, म्हणून अहो-जाहो करते. भांडणात मी करत नसते.

माह्याकडं किलोभर वांगी घेणारं गिऱ्हाईक येते आन पावभर घेणारंबी येते. पावभरवाल्याले मी म्हटलं की किलोच घ्या, तं ते पुढच्या टोपलीकडं जाते. नाईतं नजर चुकवून दोन वांगी पिशवीत टाकते. तुमची चोरी तिथूनच होऊन राहिली. तुमी अख्खं पोतं मांडून बसले. पोतं सोडा. प्रकरणानं विका. पंधरा प्रकरणं असतीन तं एकेक दहा रुपयाले. आमी आठ जणी रोजचं एक घेऊ. रोजचे दहा निघतात, एकदम दीडशे निघत नाईत.

सांभाराचं आता सांगते. तुमी पयल्या भागाचं पयलं प्रकरण फुकट दाखवता, ते म्या ॲपात पाह्यलं. ते सांभार नव्हे, ते चव होय, वांगं कापून दाखवतात तसं. सांभार भाजी घेतल्यावर टाकतात. ज्यानं चौदा प्रकरणं घेतली, त्याले शेवटचं वरून द्या. मधात कोनी सोडणार नाई. मेलेला कोनं मारला हे फुकट कळणार असलं तं माणूस चौदा दिवस तुमच्या दाराशी येईन.

तिसरं. लिहिणाऱ्या बाईले आता जास्त देता, हे मले आचलच्या पत्रातून समजलं, तुमच्याकडून नाई. चांगली गोष्ट लपवता आन भाववाढीले किंचित म्हणता. उलटं करा.

हे केलं तं पुन्हा लिहीन. किती तारे ते माल पाहून. आचलच्या नोकरीचं मी एक अक्षर लिहीत नाई. तिले ठेवलं म्हणून तारा वाढणार नाई, काढलं म्हणून कमी होणार नाई."

संपली चिठ्ठी. त्यानं मधात तोंड वाकडं केलं तं कुठं केलं ते कळवजो.

आजी


अमरावती
गुरुवार, २५ सप्टेंबर २०२५

आजी,

तोंड एकदाच वाकडं झालं, 'नजर चुकवून दोन वांगी' इथं. आणि 'ते चव होय' इथं त्यांनी मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला सांगितलं. मग स्वतःशीच म्हणाले, "शेवटचं वरून. शेवटचं! आम्ही उलटंच करत होतो."

तीन दिवस आम्ही तिघं त्याच कामाला लागलो. आजपासून 'चंद्रभागा' प्रकरणानं मिळायला लागली. सूचना मीच लिहिली. पाठ झालीय, सांगते: 'भाव वाढवला आहे, तिप्पट. त्यातला मोठा वाटा लिहिणाऱ्याला जातो. एकदम परवडत नसेल तर रोज एक प्रकरण घ्या. सगळी घेणाऱ्याला शेवटचं प्रकरण वरून.' सर म्हणाले, "'तिप्पट' लिहायलाच हवं का?" मी म्हटलं, हो.

संध्याकाळी निघताना त्यांनी हातात पाकीट ठेवलं. १ ऑक्टोबरपासून पक्की. आजी, पक्की! कागद आहे, सही आहे, शिक्का जरा तिरका पडलाय. मी विचारलं, आजीमुळे का? म्हणाले, "आजींनी तर तुझ्याबद्दल लिहायला नकार दिला. मालकाला 'याचं उत्तर मला देता येत नाही' म्हणणारं माणूस मला हवं होतं."

आता बाबा. काल त्यांचा फोन होता. विचारलं, "इतिहास कुठवर आला?" माझ्या तोंडून निघालं, पेशव्यांपर्यंत. म्हणाले, "शाबास." तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही. पक्की झाले तरी त्यांच्यासाठी मी तहसीलदार नाहीच ना. दिवाळीत घरी येईन तेव्हा सांगते. फोनवर नको, पत्रात नको. समोरासमोर.

आचल


अकोला
सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

चि. आचल,

पक्की झाली, चांगलं झालं. कुंकू लावून देवापुढं ठेवलं म्हणून लिहू का? नाई ठेवलं, कागद तुह्याकडं हाय. पन काहून ते न सांगता शालूले सोडून सगळ्यायले एकेक पेढा देला, आन शालूले दोन देले, तिचं बोट दुखलं असन बटनं दाबून दाबून.

चार प्रकरणं वाचून झाली. नवरा निर्दोष वाटून राहिला, पन मले त्याचा भरवसा नाई. माणूस घड्याळ घेऊन अंधाऱ्या खोलीत बसते काहून? सीमा आता बोलते. तारे तीन देले. लिहिलं: 'भाव अजून जास्तच हाय, पन पावभर देतात आन खरं बोलतात. कौशल्याबाई देवमन. मी हाय.'

परवा तुहा बाप पाणी प्याले मळ्यात आला आन दोन प्रकरणं तिथंच बसून राहिला. त्याची मोटर चालू राह्यली, वाफ्यात पाणीच पाणी. मंग मले विचारते, हे पावभरचं डोकं कोनाचं? म्हटलं, माहं. आन हे 'तिप्पट' असं सरळ लिहिते ते कोन? म्हटलं, अमरावतीची एक पोट्टी हाय. म्हणे, हुशार हाय, कोनाची? म्या मेथी निवडत राह्यली. तो जाता जाता म्हणे, "अशी पोट्टी पाह्यजे, नाईतं आमची. दोन महिन्यांपासून फोनवर धड बोलत नाई. अभ्यासानं दमली असन." तो चिडला नाई आचल, तो घाबरला हाय. तुले वाटते त्याले तहसीलदार पाह्यजे. त्याले पयले पोरगी पाह्यजे, मंग तहसीलदार.

दिवाळीले तीन आठवडे हायेत. तोवर तू पेशव्यायले कुठंवर नेशीन? इंग्रज येतीन, जातीन, तुह्या घशाखाली घास उतरणार नाई.

म्हणून कुलदीपले म्या मंगळवारची सुट्टी देली. गाडी घेऊन तुहा बाप येऊन राहिला. हे पाकीट ज्यानं तुह्या हातात देलं, तो तोच. पाकीट चिकटवलं हाय, त्यानं वाचलं नाई, त्याले म्या काईच सांगितलं नाई. चुगली मी आताबी केली नाई. तू म्हणाली होती समोरासमोर. मंग झालं.

त्याले लवकर निघू देऊ नको. तो रागानं पाठ फिरवीन, भाजीचे कॅरेट इकडचे तिकडं करीन, दोर पुन्हा बांधीन. करू दे. माल उतरवल्याबिगर तो कुठं जात नाई, तेवढा वेळ तुले भरपूर हाय. तिरक्या शिक्क्याचा कागद दाखव. त्याले चष्म्याशिवाय दिसणार नाई, तं तू वाचून दाखव, आन वाचताना एक शब्दबी किंचित करू नको.

पुढं लिहिलं नाई. वाचत बसू नको, मान वर कर.

आजी